रविवारी बंद

"दातांचा दवाखाना," शकूताई म्हणाल्या.

आम्ही कर्जतच्या बाजारातून दहिवलीकडे चालत येत होतो. माझ्या हातात भाजीची पिशवी होती आणि तोंडात उजव्या बाजूला लवंग. पाटी नवी होती. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं आणि कोपऱ्यात मुळांसकट रंगवलेली एक दाढ. मी ती दाढ पाहिली आणि मनात म्हटलं, चित्र बघून बोलल्या. ही त्यांची जुनी सवय. बिस्किटाचा पुडा, साबणाची वडी, औषधाचं खोकं, सगळं त्या चित्रावरून ओळखायच्या आणि वाचल्यासारखं बोलून टाकायच्या. म्हणून तर मी त्यांना शिकवताना समोर चित्र कधी ठेवलंच नव्हतं. मी पुढे चालू लागले. शकूताई मात्र थांबल्या होत्या. पाटीच्या खालच्या बारीक ओळीकडे मान वर करून बघत होत्या. "रवि... वारी... बंद," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून पुन्हा एकदा, सलग, "रविवारी बंद." रविवारी बंद याचं चित्र काढता येत नाही.

आमच्या कामात एक शिस्त असते. नमुन्यात काय आहे हे सांगण्याआधी काय नाही ते ठरवायचं. साजगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासते, त्यामुळे ही सवय घरीही सुटत नाही. माझ्या छातीखाली त्या क्षणी जे हललं तो आनंद नव्हता, हे मी लगेच ठरवलं. पुढचं ठरवायला घर येईपर्यंतचा रस्ता लागला. "टिंब कोणी शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं. "दातांचा मधल्या तां वरचं. ते तर आपण अजून घेतलं नव्हतं." "ती टिकली होय?" शकूताई हसल्या. "ती निशिगंधाबायनं सांगितली. अक्षराच्या डोक्यावर टिकली दिसली का नाकात बोलायचं." आणि मग चालता चालता त्या स्वतःशीच नाकात बोलून बघू लागल्या, बंद, अंग, कांदा, आंबा, जणू तोंडात नवीन दात आला आहे आणि जीभ सारखी तिकडे जाते आहे. मी लवंग दाढेखाली आणखी दाबली. माझी दाढ गेल्या पावसाळ्यापासून दुखते हे मी घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतं त्यात. दुखते, थांबते, पुन्हा दुखते.

शकूताई माझ्या मोठ्या जाऊ. आमची घरं एकाच अंगणात, भिंतीला भिंत लावून. मी लग्न होऊन आले तेव्हा रसायनशास्त्राची पदवी घेऊन आले आणि त्या घरात बाकी सगळं त्यांचं होतं. भाताच्या रोपांसाठी राब कधी भाजायचा, लोणच्याला मीठ किती, कोणाच्या बारशाला कोणी जायचं, सगळं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, कारण एक गोष्ट माझी होती. लग्नाची पत्रिका आली, विजेचं बिल आलं, गोळ्यांची पट्टी आली की पदराला हात पुसत त्या हाक मारायच्या, "तेजू, बग गं काय म्हनतंय." पाहुण्यांना सांगायच्या, "आमची धाकटी शिकलेली हाय." त्यांची मुलगी हर्षला चाकणला दिली, त्यानंतर या कामाला एक ठरलेली वेळ आली. हर्षलाच्या सासरी दोन खोल्या. फोनवर आईशी बोललं की ते सगळ्यांच्या कानावर जातं, म्हणून ती बोलत नाही, लिहिते. रोज जेवणं झाली की मी शकूताईंच्या पडवीत जायचे. त्या फोन माझ्या हातात द्यायच्या आणि भिंतीला टेकून पाय लांब करायच्या. मी वाचायचे, "आई, जेवलीस का?" सुरुवातीला मी म्हणत असे, हर्षला विचारते की आई जेवलीस का. मग ते 'हर्षला विचारते' कधी गळून पडलं, सांगता येणार नाही. मी सरळ म्हणायचे, आई, जेवलीस का. शकूताई माझ्या तोंडाकडे बघत उत्तर द्यायच्या, "जेवले गं बाय. अंबाडी केलेली. तुला आवडते तशी, लसूण घालून." ते मी टाइप करायचे. मला अंबाडी आवडत नाही. पण ते वाक्य ऐकताना मी नेहमी मान हलवली आहे. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली आणि आम्हाला मूल नाही. त्या पडवीत रोज थोडा वेळ माझ्या तोंडातून आई हा शब्द निघत असे आणि समोरून त्याला ओ येत असे.

शिकायचं शकूताईंनीच काढलं. मला कारखान्यातून यायला कधी उशीर व्हायचा. "फोन वाजतो आन् मग गप पडून ऱ्हातो. मी त्याच्याकडं बगत बसते. मला शिकव." मी शिकवायला बसले. शिकवणं आणि ती वेळ संपणं ही एकच गोष्ट आहे हे मला तेव्हाही कळत होतं, पण काही क्रिया इतक्या मंद चालतात की त्यांना शेवट आहे हे कागदावरच खरं असतं. मी माझ्या पद्धतीने, क्रमाने गेले. ग म भ न. मग र, त, ळ. मग काना. पुठ्ठ्याच्या कोऱ्या पत्त्यांवर एकेक शब्द, चित्र नाही, रंग नाही, म्हणजे डोळ्याला आडवाटच राहणार नाही. शकूताई शब्द जुळवायच्या. घर. भात. नळ. वाक्यं आली आणि गाडी अडली. मी लिहायचे, 'घर आहे.' त्या बोट ठेवून वाचायच्या, "घर हाय." "ताई, हाय नाही. काय लिहिलंय ते बघा. आ आहे, हे आहे." त्या वाकून बघायच्या. "तेच म्हनले ना. घर हाय." "आहे म्हणा." "आहे," त्या म्हणायच्या, पाहुण्यांच्या घरी सतरंजीवर बसल्यासारखं अवघडून, आणि मग पुढचा शब्द त्यांना येईनासा व्हायचा. पुन्हा पहिल्यापासून. मला राग येत नसे. मी स्वतः खालापूरच्या पलीकडच्या गावातली. आम्हीही हाय म्हणणारे. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी "नाय सर" म्हणाले आणि मागच्या बाकावर कोणीतरी ते तसंच पुन्हा म्हणालं. त्यानंतर मी ते कधीही म्हटलेलं नाही. जे मला जमलं ते त्यांनाही जमेल, थोडं थांबायला हवं, इतकंच मला वाटत होतं. पाऊस आला, गेला. पत्त्यांचे कोपरे मऊ झाले.

आणि गिरणीत त्यांना मीच नेलं होतं. नेरळच्या रस्त्यावर भाताची जुनी गिरणी आहे, बरीच वर्षं बंद होती. ती कोणा संस्थेने घेऊन तिचं चित्रसंग्रहालय केलं, पण दहिवलीत सगळे अजून गिरणीच म्हणतात. "गिरनीत जाते," असं शकूताई आता दर बुधवारी म्हणतात, भात कांडायला निघाल्यासारखं. संग्रहालयातली मुलगी, निशिगंधा, वस्तीत येऊन सांगून गेली होती की ज्या बायकांना लिहा-वाचायला शिकायचंय त्यांनी यावं. मला वाटलं, एक फेरी मारून येऊ, बदल होईल. आत अजून तुसाचा बारीक वास होता. उंच पांढऱ्या भिंती, आणि जिथे मोठं जातं होतं तिथे एक चित्र. खिडकीशी बसलेली बाई. हिरवट लुगडं, एक हात गालाला, खिडकीतून येणारा उजेड त्या हाताच्या पाठीवर. बाजूला छोटी पाटी होती. मी सवयीने पुढे झाले आणि शकूताईंसाठी वाचू लागले, "प्रतीक्षा. तैलरंग..." "थांबा हं," निशिगंधा हसून म्हणाली, "आधी नुसतं बघू या." काही चुकीचं बोलली नाही ती. पण माझं वाक्य तसंच अर्धं राहिलं, आणि मागे व्हायला जागा कुठे आहे हे मला क्षणभर कळेना. बायका बघत बसल्या. मग तिने विचारलं, "काय चाललंय या चित्रात?" कोणी म्हणालं नवऱ्याची वाट बघते. कोणी म्हणालं माहेरची आठवण आली असेल. जुबेदा, शिवणकाम करते ती, म्हणाली, "रुसली हाय. मी अशीच बसते. कोन इचारत नाय, मंग उठते." सगळ्या हसल्या. शकूताई चित्राजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "कसली वाट न् कसलं म्हायेर. दाढ दुखते हाय हिची."

हसण्याने छपराचे पत्रे वाजले असतील. निशिगंधाही हसली, पण हसता हसता तिने भिंतीवर लावलेल्या मोठ्या कागदावर खडूने लिहिलं, जसंच्या तसं, दाढ दुखते हाय हिची, आणि शकूताईंना म्हणाली, "हे तुमचं वाक्य. वाचा." शकूताईंनी ते वाचलं. अर्थातच वाचलं, आत्ताच तर बोलल्या होत्या. हे काही वाचन नव्हे, हे मी तिथल्या तिथे मनात नोंदवलं. चित्र बघून बोलायचं आणि बोललेलं पाठ म्हणायचं. मी जी आडवाट पुठ्ठ्याने बंद केली होती, तिच्यावर या मुलीने दिवे लावले होते. येताना रिक्षात मी बाहेरच बघत होते. शकूताई म्हणाल्या, "तुला नाय आवडलं?" मी म्हटलं, "आवडलं की. चित्रं चांगली आहेत."

बुधवारी दुपारी मी कारखान्यात असते. काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोडते. खालच्या चंचुपात्रातलं द्रावण रंगहीन असतं, रंगहीनच राहतं, हात दुखायला लागतो, आणि मग एक थेंब पडतो आणि सगळं फिकट गुलाबी होऊन जातं. ज्याला यातलं काही माहीत नाही त्याला वाटेल की रंग त्या थेंबात होता. मला ते मोठ्याने कोणालातरी सांगावंसं वाटायचं. गमभन कोणाचं? काना, वेलांटी कोणाची? दोन वर्षं पडवीत कोण बसलं? आणि संध्याकाळी घरी आले की शकूताईंच्या तोंडी तीच. निशिगंधाबायनं आज एक निळं चित्र दाखवलं, त्यात काईच नाय, नुसता निळा, आन् जुबेदा म्हनली हे आमच्या नळाला पानी येत नाय त्या दिवसाचं हाय. निशिगंधाबायचे केस कापलेले, पन तिला शोभतात. निशिगंधाबाय जमिनीवर बसते आमच्यासंगं. मी विचारायचे, "आज बसायचं का आपण?" "आज नको गं. डोळं दमलं." पत्त्यांचा गठ्ठा कोनाड्यात तसाच राहिला. मी एकदा त्यावरची धूळ पुसली. दुसऱ्यांदा पुसली नाही. रात्री डाव्या कुशीवर झोपले की दाढेचा ठणका उशीत ऐकू यायचा, आणि मी अंधारात त्या चित्रातल्या बाईचा गालावरचा हात आठवायचे. ती माझ्याकडे बघत नसे. ती निशिगंधाच्या भिंतीवर होती, दर बुधवारी शकूताई तिच्यासमोर जाऊन बसत, तिच्याकडे मन लावून बघत. माझ्याकडे कोणी कधी इतका वेळ बघितलंय, असं काहीतरी मनात येऊन जायचं, आणि मी कूस बदलायचे, मग ठणका वाढायचा.

पाटीच्या त्या दिवसानंतर थोड्याच दिवसांनी शकूताई एक कागद घेऊन आल्या. संग्रहालयात बायकांनी चित्रांबद्दल जे सांगितलं, ते छापून चित्रांशेजारी लावायचं ठरलं होतं. रविवारी कार्यक्रम होता, प्रत्येकीने आपापली पाटी वाचून दाखवायची होती. "बाय म्हनली, छापाच्या आदी घरात कोनाला दाखवायचं तर दाखवा. म्हनलं, आमच्याकडं धाकटी हाय." कागदावर चार वाक्यं होती. ही बाई बसली हाय. हिची दाढ दुखते हाय. एका बाजूनं चावते. कोनाला सांगत नाय.

मी तिसरं वाक्य पुन्हा वाचलं. चित्रातली बाई काही खात नाही. तिच्यासमोर ताट नाही, वाटी नाही. खिडकी आहे, उजेड आहे, हात आहे. एका बाजूनं चावते हे त्या चित्रात कुठेही नाही.

शकूताई लसूण सोलत होत्या. माझं इतकं त्यांनी पाहिलं होतं, रोज, जेवताना, ओट्यावर, आणि ते मला नाही सांगितलं. ते त्यांनी एका रंगवलेल्या बाईला सांगितलं, कापलेल्या केसांच्या मुलीसमोर, गिरणीभर बायकांसमोर, आणि मी तेव्हा शेजारी उभी राहून मनात नोंद करत होते की हे वाचन नव्हे. मला लाज वाटायला हवी होती, की बरं वाटायला हवं होतं? पण आधी आला तो मत्सरच. त्या बाईचा. तिला विचारलं गेलं होतं. मी पेन घेतलं. हाय खोडून आहे केलं. दुखते हाय खोडून दुखत आहे. कोनाला, कोणाला. नाय, नाही. बाजूनं, बाजूने. 'चावते' नुसतं अपुरं वाटलं, काय चावते ते यायला हवं, म्हणून मी लिहिलं, 'एका बाजूने अन्न चावते.' प्रत्येक दुरुस्ती बरोबर होती. शाळेतल्या कोणत्याही बाईंनी हेच केलं असतं. "बरुबर हाय ना?" शकूताईंनी विचारलं. "थोडं नीट केलंय." "तू केलंस म्हंजे झालं," त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी करून ब्लाउजात ठेवली. न बघता. तेव्हा मला कळलं की रविवारी काय होणार आहे. त्यांना स्वतःचं वाक्य पाठ आहे. समोर वेगळीच अक्षरं असतील. आहे पाशी त्या अडतील, अन्न पाशी तर थांबतीलच, अन्न हा शब्द आमच्या घरात कोणी बोलत नाही, त्यातलं जोडाक्षर मी त्यांना दिलेलं नाही. सगळ्यांसमोर त्या माझ्याकडे बघतील. मग मी पुढे होईन आणि वाचून दाखवीन. हे चित्र मला इतकं स्वच्छ दिसलं, रंगांसकट, की मी उठून पाणी प्यायले. कागद परत मागता आला असता. मागितला नाही.

रविवारी गिरणीत खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्लेटमध्ये चकली, लाडू. मी चकली घेतली नाही. निशिगंधा भेटली. "दुरुस्त्या तुम्ही केल्यात ना? मला त्यांचं होतं तसंच ठेवायचं होतं," ती म्हणाली, "पण म्हटलं, घरच्यांनी केलंय." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मला तिथे काहीतरी सापडायला हवं होतं. जुबेदाने तिची पाटी वाचली, रुसलीवर अडली, स्वतःच हसली, पुढे गेली. मग शकूताई त्या बाईशेजारी उभ्या राहिल्या. नवी साडी, केसांत फूल. पाटी भिंतीवर घट्ट बसवलेली, काळी अक्षरं, माझी वाक्यं. त्यांनी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"ही बाई बसली हाय."

बोट 'आहे' च्या खाली होतं. मी बघत होते, अगदी नळीवरची रेघ बघावी तशी. बोट बरोबर 'आहे' च्या खाली होतं आणि तोंडातून हाय आलं. "हिची दाढ दुखत हाय." पुन्हा तेच. पाठ आहे, मी म्हटलं, बोट नुसतं सरकतंय. "एका बाजूनं..." त्या थांबल्या. खोली थांबली. माझे पाय आपोआप पुढे व्हायला निघाले. शकूताई वाकल्या. ओठ हलले. "अ... न... खाली अजून न हाय. अन्-न." त्या सरळ झाल्या. "अन्न!" आणि वळून, खुर्च्यांच्या पलीकडे थेट माझ्याकडे, "हे अन्न कुठनं आलं गं तेजू? हे मी नव्हतं म्हनलं!"

अख्खी गिरणी हसली. जुबेदा म्हणाली, "अगं घे ना, अन्न फुकट मिळालं तुला!" शकूताई पण हसत होत्या, अजिबात न रागावता, आणि हसत हसत पुन्हा पाटीकडे वळल्या. "एका बाजूनं अन्न चावते. कोनाला सांगत नाय." बोट 'नाही' च्या शेवटच्या वेलांटीवर येऊन थांबलं. मीही हसले असेन, तोंड तसं झालं होतं. पण डोक्यात पडवी होती. घर आहे, घर हाय. तेच म्हनले ना. डोळा 'आहे' वर होता, ते त्यांना कळलं होतं आणि त्यांनी ते आपल्या तोंडाने सांगितलं होतं. म्हणजे त्या वाचत होत्या. तेव्हाच. माझ्यासमोर, माझ्या पत्त्यावरून, चित्राशिवाय. रंग पात्रात येऊन गेला होता आणि मी पुन्हा पहिल्यापासून थेंब मोजायला बसले होते. निशिगंधा टाळ्या वाजवत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आणि तिला ते कधी सांगायचं नाही हे मी ठरवून टाकलं. तेवढं माझं.

बाहेर गुलमोहराखाली आम्ही रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. शकूताईंच्या पिशवीत फोन वाजला. माझा हात पुढे झाला, नेहमीसारखा. त्यांनी तो पाहिला नाही. त्यांनी स्वतःच फोन काढला, उन्हात हाताचा आडोसा करून डोळ्यांजवळ धरला. मी बाजूला बघितलं. पडद्याकडे बघायचं नाही इतकं मी करू शकत होते. शकूताईंच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलू लागले, आणि मग त्या मोठ्याने म्हणाल्या, एकेक अक्षर जुळवत, शेवटी आवाज वर नेत, विचारल्यासारखं,

"जे... व... लीस का? जेवलीस का?"

हर्षलाने विचारलं होतं ते. हर्षलाच्या आईला. मला ते माहीत होतं.

"नाय," मी म्हणाले.

माझ्या तोंडाला तो शब्द इतक्या वर्षांनी ओळखीचा वाटला नाही. शकूताईंनी फोनवरून मान वर केली. मग हात पुढे करून माझा उजवा गाल दोन बोटांनी हलकेच दाबून बघितला, पिकलं का बघावं तसा. मी आईगं म्हणाले.

"कवापासनं वाट बगते, कदी बोलशील," त्या म्हणाल्या. "दवाखान्याची पाटी वाचून दावली, तरी तुझं आपलं टिंब." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी नाक मुरडलं. "आन् आज नेमका रविवार. बंद."